नाकातलं मांस आणि काचेतल्या पेशी

वाचकांचे प्रश्न : कान-नाक-घसा

प्रश्न : डॉक्टर ताई, नमस्कार. मी समुद्रपूर तालुक्यातली, वय ४३. चार वर्ष झाले, मले कायचाच वास येत नाही. नाकात मांस वाढलं म्हणून दोन खेपा ऑपरेशन झालं, एक २०१९ ले, दुसरं २०२२ ले. दोन्ही खेपा वर्षभर बरं वाटलं, मंग पुन्हा नाक जाम. मागच्या महिन्यात चुलीवरचं दूध जळून कोयसा झालं. मी बाजूच्या खोलीत कापूस निवडत बसली होती, मले समजलंच नाही. शेजारीन धावत आली. पोरगा नागपूरले शिकते. त्यानं मोबाईलवर वाचलं का, नाकातल्या सुजेवर शरीराची प्रतिकारशक्ती आवरणारं औषध निंगालं, बशीत पेशी वाढवून तपासलं अन् सूज उतरली. तो म्हणते, आता तिसरं ऑपरेशन नको, स्प्रेही बंद कर, हे औषध आलं का घेऊ. मी थांबू का? अन् थांबू तं किती दिवस?

उत्तर : ताई, आधी स्प्रे. बंद केला असेल तर आज रात्रीपासून पुन्हा सुरू करा. बाकीचं सावकाश वाचलं तरी चालेल.

तुमच्या मुलानं वाचलेलं खोटं नसणार. असं संशोधन होतं, मेहनतीनं होतं. ते कसं होतं हे समजून घेतलंत तर किती थांबायचं हे तुमचं तुम्हालाच ठरवता येईल, म्हणून जरा विस्तारानं सांगते.

ऑपरेशनमध्ये काढलेल्या मांसातून किंवा नाकात बारीक ब्रश फिरवून काही पेशी घेतात. त्या एका पातळ, छिद्रं असलेल्या पडद्यावर पसरतात. पडद्याच्या खाली पोषक पाणी, वर मोकळी हवा. आपल्या नाकातही तसंच असतं, खालून रक्ताचा ओलावा आणि वरून वारा. तीन-चार आठवड्यांत पेशींचा सलग थर धरतो, त्यावर बारीक केस येतात, शेंबूड सुटायला लागतो. शिकत असताना मी एकदा नाकातून नुकत्याच काढलेल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या होत्या. शरीरातून निघून त्यांना तास उलटला होता, तरी कडेचे केस सेकंदाला दहा-बारा वेळा हलत होते. मध्ये एक तांबडी रक्तपेशी आली होती. केस तिला ढकलत होते, ती परत यायची, ते पुन्हा ढकलायचे. मी बराच वेळ डोळा उचलला नाही. आपण झोपेत असतो तेव्हाही आपलं नाक हे काम करत असतं, हे पुस्तकात वाचलं होतं. त्या दिवशी ते खरं वाटलं.

आता त्या थरावर संशोधक आयएल-१३ नावाचं रसायन टाकतात. आपल्या पांढऱ्या पेशी एकमेकींना निरोप पाठवायला जी रसायनं सोडतात त्यांतलं ते एक. काही दिवसांत केस कमी होतात, शेंबूड करणाऱ्या पेशी वाढतात, पेशींचे आपसातले सांधे ढिले पडतात आणि बाहेरचं आत झिरपायला लागतं. तुमच्या नाकात चार वर्षं जे चाललंय त्याची लहानशी प्रत बशीत तयार होते. मग निरोप अडवणारं औषध टाकून थर सावरतो का ते बघतात. मुलानं वाचलेली बातमी याच जातीची असणार.

हा धागा पुढे नेणाऱ्यांना यशही आलं. आयएल-४ आणि आयएल-१३ हे दोन्ही निरोप पेशीच्या ज्या दारातून आत जातात ते दार अडवणारं डुपिलुमॅब नावाचं इंजेक्शन आहे. नाकात मांस असलेल्या २७६ आणि ४४८ रुग्णांवर त्याच्या दोन चाचण्या झाल्या. काहींना खरं औषध, काहींना नुसतंच पाणी. २०१९ मध्ये निकाल छापून आले. औषध घेणाऱ्यांच्या गाठी लहान झाल्या, नाक मोकळं झालं आणि बऱ्याच जणांना वास परत आला. त्याच वर्षी अमेरिकेत या आजारासाठी त्याला मंजुरी मिळाली. २०२० मध्ये ओमालिझुमॅब आणि २०२१ मध्ये मेपोलिझुमॅब मंजूर झालं. म्हणजे तुमचा मुलगा ज्याची वाट बघतोय त्या जातीची औषधं आलेलीच आहेत. ती तुमच्यासाठी आहेत का, हा खरा प्रश्न आहे.

पण तिकडे जाण्याआधी दुसरी गोष्ट सांगायलाच हवी. तीही बशीतूनच निघाली होती. १९९९ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकनं जाहीर केलं की सायनसच्या जुन्या आजाराच्या २१० रुग्णांपैकी २०२ जणांच्या शेंबडात बुरशी सापडली. पुढे २००४ मध्ये रुग्णांच्या रक्तातल्या पेशी काचेत घेऊन त्यांना अल्टरनेरिया बुरशीचा अर्क दिला गेला. रुग्णांच्या पेशींनी सुजेची रसायनं भराभर सोडली, निरोगी माणसांच्या पेशी शांत राहिल्या. अल्टरनेरिया तुम्ही ओळखता. कपाशीच्या पानावर तपकिरी गोल ठिपके पडतात, ते याच बुरशीच्या कुळाचं काम. पुरावा इतका सरळ दिसत होता की नाकात अॅम्फोटेरिसिन हे बुरशीनाशक घालून धुवायचे प्रयोग सुरू झाले. मग २००६ मध्ये ११६ रुग्णांवर नीट चाचणी झाली. निम्म्यांना बुरशीनाशक, निम्म्यांना साधं द्रावण, तीन महिने. दोन्ही गटांत काही फरक निघाला नाही. आणि १९९९ च्या त्याच अभ्यासात निरोगी माणसांच्याही नाकात बुरशी सापडली होती, तीही एकूण एक सगळ्यांच्या. ती हवेतच असते, सगळेच तिला श्वासाबरोबर आत घेतात.

बशीतल्या पेशींनी खोटं सांगितलं नव्हतं. त्यांना जेवढं विचारलं तेवढंच त्या बोलल्या. बशीत रक्त वाहत नाही, मज्जातंतू नसतात, सरकीची धूळ नसते, चुलीचा धूर नसतो, आणि औषधाचा डोस पोटातून यकृतातून गाळून येत नाही, थेट पेशीवर पडतो. अकोल्याच्या कृषी विद्यापीठात कुंडीत जोमानं आलेलं वाण तुम्ही लगेच पाच एकरांत लावता का? आधी कुणाच्या तरी कोरडवाहू रानात एक हंगाम बघता. बशीतल्या बातमीलाही तेवढा हंगाम द्या.

आता तुमच्या नाकाकडे येऊ. नाकातलं मांस म्हणजे पॉलिप. पांढुरकं, ओलसर, सोललेल्या द्राक्षासारखं. दिसायला सगळ्यांचं सारखंच असलं तरी आतली सूज वेगवेगळी असते. एका प्रकारात इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी भरलेल्या असतात, त्याला टाईप-टू सूज म्हणतात. युरोप-अमेरिकेतले बहुतेक रुग्ण याच प्रकारचे. चीन, कोरिया, जपानकडे दुसऱ्या प्रकारचेही पुष्कळ सापडले. वर सांगितलेली तिन्ही इंजेक्शनं टाईप-टू सुजेसाठी आहेत. ज्या नाकात तो निरोपच फिरत नाही तिथे तो अडवून काय मिळणार?

म्हणून दोन्ही ऑपरेशनांचे कागद शोधा. काढलेलं मांस तपासायला पाठवलं होतं का, अहवालात इओसिनोफिल लिहिलंय का, ते बघा. कागद नसले तर तिथे जाऊन मागा, तो तुमचा हक्क आहे. युरोपातल्या तज्ज्ञांनी २०२० मध्ये ठरवलेले निकष मी हाताशी ठेवते. दोन्ही बाजूंना मांस हवं आणि ऑपरेशन आधी झालेलं हवं. शिवाय पाचपैकी तीन गोष्टी हव्यात : टाईप-टू सुजेचा पुरावा, वर्षातून दोन किंवा जास्त वेळा पोटातून स्टेरॉईड घ्यावं लागणं, रोजचं जगणं बिघडणं, वास जाणं आणि सोबत दमा. पत्रावरून दोन गोष्टी तर दिसतात, तिसरी रक्तावरून किंवा त्या अहवालावरून कळेल.

रक्ताच्या तपासणीत मात्र आपल्या भागात एक मेख आहे, आणि ती परदेशी लेखांत फारशी येत नाही. २०२० च्या त्या निकषात रक्तातल्या इओसिनोफिल २५० किंवा जास्त असल्या की टाईप-टू धरलं होतं. पण शरीराची ही फळी निसर्गानं मुळात जंतांशी लढायला उभी केली आहे. शेतात अनवाणी चालणाऱ्या बाईच्या पोटात अंकुशकृमी असेल तर हा आकडा सहज ६००-७०० वर जातो, नाकाशी त्याचा संबंध नसतो. वर्धा, नागपूर, चंद्रपूर, भंडारा, गडचिरोली या पट्ट्यात हत्तीरोग आहे, त्यातही हा आकडा चढतो. म्हणून माझ्याकडे आलेल्या रुग्णाला मी आधी जंतांची गोळी देते, शौचाची तपासणी करते आणि काही आठवड्यांनी रक्त पुन्हा बघते. डुपिलुमॅबच्या माहितीपत्रकातही लिहिलंय की अंगात जंत असतील तर आधी त्यांचा इलाज करा, मग औषध सुरू करा. कारण उघड आहे. जंतांवर पहारा देणारी तीच फळी आपण शांत करायला निघालो आहोत. हत्तीरोगाच्या गोळ्या वाटायला आशाताई घरी येतात तेव्हा त्या फडताळात ठेवू नका, त्यांच्यासमोर गिळा.

आणखी एक विचारते, आणि याचं उत्तर मला नक्की कळवा. अंगदुखीची गोळी, म्हणजे अॅस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, यांतली घेतली की तासा-दोन तासांत नाक गच्च होऊन दम लागतो का? नाकात मांस, दमा आणि या गोळ्यांचा त्रास ही तिन्ही एकत्र येणारी एक जात आहे. त्यांच्यात मांस पुन्हा पुन्हा वाढतं. तसं असेल तर किराणा दुकानातून कुठलीही दुखण्याची गोळी घेऊ नका. ती जिवावर बेतू शकते.

इंजेक्शनच्या खर्चाचंही बोललं पाहिजे. ही औषधं कारखान्यात नुसती घोटून होत नाहीत. डुपिलुमॅब चिनी हॅमस्टर नावाच्या उंदरासारख्या प्राण्याच्या पेशी वाढवून त्यांच्याकडून बनवून घेतात, म्हणून फार महाग पडतं. दर दोन आठवड्यांनी ३०० मिलिग्रॅमची एक सुई. २ ते ८ अंशांत ठेवावं लागतं. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो आणि वीजही जाते, तेव्हा हे कुठे ठेवायचं याचा विचार आधी करावा लागतो. आणि ते मुळातून बरं करत नाही. चाचणीत ज्यांचं औषध सहा महिन्यांनी थांबवलं त्यांचा त्रास हळूहळू परत येऊ लागला. शेत गहाण ठेवून सुरू करायचं हे औषध नाही. परवडलं आणि खरंच लागू असलं तर उत्तम आहे, हेही मी तितक्याच जोरानं सांगते.

प्रतिकारशक्ती आवरणारं एक औषध तुम्ही आधीपासून घेताच आहात. तुमच्या स्प्रेमध्ये तेच आहे, स्टेरॉईड. बशीतल्या पेशींवर ते टाकलं तरी सुजेची रसायनं घटतात, आणि माणसातही घटतात, हे वर्षानुवर्षांच्या अनुभवानं पक्कं झालंय. स्प्रेमधलं औषध नाकातच राहतं, रक्तात फार थोडं जातं. गोळी आणि सुई सगळ्या अंगात जाते. हा फरक मी घरातच पाहिला आहे.

माझ्या आईचं नाक तुमच्यासारखंच होतं. आमच्या गावात येणारा एक इलाज करणारा माणूस दर मोसमाला तिच्या कमरेत सुई द्यायचा. कसली ते त्यानं कधी सांगितलं नाही, चिठ्ठी कधी दिली नाही. चौथ्या दिवशी आई अंगणातून ओरडायची, "अवं, सांबाराचा वास आला!" त्या दिवशी घरात सांबारवडी, म्हणजे कोथिंबिरीची वडी, व्हायची. ती वाफेवर वाकून पुन्हा पुन्हा वास घ्यायची, आम्हाला हाका मारायची. दोन-तीन आठवड्यांनी वास परत जायचा, मग पुढची सुई. आठ वर्षं हे चाललं. मग साखर वाढली आणि एका पावसाळ्यात न्हाणीत पाय घसरला तर खुब्याचं हाड मोडलं. तेव्हा मी मेडिकलच्या दुसऱ्या वर्षाला होते. स्टेरॉईडनं हाडं ठिसूळ होतात हा धडा मी त्याच सत्रात वाचत होते. ती गेली तोपर्यंत काठीशिवाय चालली नाही. अंगात साखर आणि वरून स्टेरॉईड असलं की नाकात काय होऊ शकतं हे २०२१ मध्ये काळ्या बुरशीनं नागपूरच्या वॉर्डांत सगळ्यांना दाखवलं.

म्हणून ताई, "चार दिवसांत नाक मोकळं" अशी सुई कुणी देत असेल तर औषधाचं नाव कागदावर मागा. डॉक्टरांनी विचार करून वर्षातून एखाद-दोन वेळा काही दिवसांसाठी स्टेरॉईडची गोळी देणं वेगळं, ते मीही देते. आणि बरेच महिने सलग घेत असाल तर मनानं एकदम बंदही करू नका, त्यातही धोका आहे.

आता रोजचं. सकाळ-संध्याकाळ मिठाच्या पाण्यानं नाक धुवा, मग स्प्रे. डोकं जरा खाली झुकवा. उजव्या हातानं डाव्या नाकपुडीत आणि डाव्या हातानं उजव्या नाकपुडीत, नळीचं तोंड मधल्या पडद्याकडे न धरता बाहेरच्या बाजूला, डोळ्याच्या दिशेनं. हळू ओढा, जोरानं सुरकलंत तर औषध घशात जातं. बहुतेक जणी मधल्या पडद्यावरच मारतात, रक्त येतं, मग बंद करतात. तीन महिने खाडा न करता केल्याशिवाय उपयोग झाला की नाही ते ठरवू नका.

तिसरं ऑपरेशन लागेल का, ते दुर्बीण घालून आणि सीटी स्कॅन बघून ठरेल. लागलं तर दोन वेळा वाया गेलं असं मनात आणू नका. ऑपरेशनचं अर्धं काम मांस काढणं, अर्धं काम औषधाला आत जायला वाट करून देणं. वाट करून दिली आणि नंतर स्प्रेच मारला नाही तर मांस परत येणारच.

घरात गॅस असेल तर नळी आणि रेग्युलेटर महिन्यातून एकदा साबणाचा फेस लावून बघा, झोपताना सिलिंडरवरची कळ बंद करा. गळती तुम्हाला वासानं कळणार नाही. दूध तापवताना तिथून उठू नका, उठावंच लागलं तर आच काढून घ्या.

प्रश्न : वायगावच्या हळदीत कर्क्युमिन जास्त असतं म्हणतात, आणि कर्क्युमिननं काचेतल्या पेशींची सूज कमी होते असं वाचलं. रोज दोन चमचे घेतली तर सायनस बरा होईल का? (एक शेतकरी, जि. वर्धा)

उत्तर : दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. वायगावची हळद त्यासाठीच नावाजली आहे, आणि बशीत कर्क्युमिन सूज आवरतं. अडचण पुढे आहे. ते पोटातून रक्तात जेमतेम जातं. २००१ मध्ये तैवानच्या डॉक्टरांनी रुग्णांना दिवसाला ८ ग्रॅम शुद्ध कर्क्युमिन दिलं, तरी रक्तात जे सापडलं ते बशीत वापरतात त्यापेक्षा बरंच कमी होतं. साध्या हळदीत सुमारे ३ टक्के कर्क्युमिन धरलं तर चहाच्या चमच्यात अंदाजे १०० मिलिग्रॅम येतं. म्हणजे ८ ग्रॅमसाठी ऐंशी चमचे. वायगावची घेतली तर चाळीसच्या आसपास. भाजीत घाला, दुधात घाला, सायनसचं औषध म्हणून तिच्यावर विसंबू नका. आणि हळदीचं पाणी किंवा तेल नाकात सोडू नका. नाकाच्या आतली कातडी फार नाजूक असते.

प्रश्न : मी हिंगणघाटला जिनिंगमध्ये आहे. हंगामात नाक रुईच्या तंतूंनी भरते. विहिरीच्या पाण्यानं धुतलं तर चालते का?

उत्तर : धुणं फार चांगलं, पण विहिरीचं, बोअरचं किंवा नळाचं कच्चं पाणी नाकात घालू नका. गोड्या पाण्यातला एक अमीबा नाकावाटे मेंदूत जातो. फार क्वचित होतं, पण झालं तर बहुतेक माणूस वाचत नाही. एक लिटर पाणी खळखळ उकळा, झाकून कोमट होऊ द्या, त्यात चहाचा दीड चमचा सपाट मीठ आणि चिमूटभर खायचा सोडा घाला. एवढं पाणी एका दिवसात संपवा, उरलं तर फेका. बाटलीही उकळत्या पाण्यानं धुऊन उन्हात पालथी घाला. कामाची पाळी संपल्यावर घरी पोचलात की आधी नाक धुवा, मग जेवा. कामावर असताना नाकातोंडावर नीट बसणारा मास्क लावा. रुमालाच्या कडेनं बारीक धूळ आत जातेच.